जोडीदाराची नोकरी गेल्यावर घरचा आरोग्यविमा: 30, 36 आणि 60 यांचा हिशेब

2022-23 या वर्षात देशातल्या विमा कंपन्यांच्या आरोग्यविम्याखाली सुमारे 55 कोटी लोक होते. विमा नियामक आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालातला हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण त्याची फोड वेगळंच सांगते. यातले साधारण 30 कोटी सरकारी योजनांमधले. साधारण 20 कोटी ग्रुप पॉलिसीतले, आणि त्यांत मोठा भाग नोकरीमुळे विमा मिळालेल्या कर्मचाऱ्यांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा. स्वतःच्या नावावर पॉलिसी असलेले मात्र 5 कोटींच्या आसपास. म्हणजे हक्काची पॉलिसी असलेल्या एका माणसामागे चौघांचा विमा कुठल्या ना कुठल्या ग्रुपच्या आधारावर उभा आहे.

असा विमा असलेल्या घरात नवरा किंवा बायको, कुणाचीही नोकरी गेली, तर पगार एकाचा थांबतो आणि विमा तिघा-चौघांचा जातो. आईवडीलही त्याच पॉलिसीत असतील तर पाच-सहा जणांचा. पगार थांबला की घरखर्च कमी करता येतो. अपेंडिक्सचं ऑपरेशन पुढे ढकलता येत नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत (2017-18) शहरी भागातल्या खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपण वगळून, 38,822 रुपये निघाला होता. ही जुनी सरासरी आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार आजच्या दराने काही लाखांत जातात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्येही देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. विमा तुटलेलं घर याच 39.4 टक्क्यांत जाऊन पडतं.

हे टाळता येतं. त्यासाठी तीन आकडे आणि एक तारीख नीट समजून घ्यावी लागते. तारीख म्हणजे नोकरीचा शेवटचा दिवस.

विमा नेमका कधी संपतो

कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी 1 एप्रिल ते 31 मार्च अशी असली, तरी तुमच्या कुटुंबाचा विमा 31 मार्चपर्यंत टिकेलच असं नाही. बहुतेक कंपन्यांत कर्मचाऱ्याचं नाव शेवटच्या कामाच्या दिवशी यादीतून निघतं आणि त्यासोबत जोडीदार, मुलं, आईवडील यांचीही नावं निघतात. क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या (टीपीए) ॲपवरचं ई-कार्ड फोनमध्ये दिसत राहतं, त्यावर पॉलिसीची मुदतही 31 मार्च दिसते. रुग्णालयाच्या कॅशलेस काउंटरवर नंबर टाकल्यावर मात्र उत्तर येतं की सदस्यत्व बंद झालं आहे.

नोकरी सोडताना भरायच्या यादीत लॅपटॉप, ओळखपत्र, पार्किंगचं स्टिकर, ग्रॅच्युइटीचा फॉर्म आणि पीएफ ट्रान्सफर असं सगळं असतं. आरोग्यविम्याची ओळ सहसा नसते. म्हणून ती तुम्हालाच लिहून घ्यावी लागते.

पहिली मागणी अशी करावी की पॉलिसीची मुदत संपेपर्यंत नाव यादीत ठेवावं. कायद्याने कंपनीवर तसं बंधन नाही, पण कपातीच्या वेळी काही कंपन्या अशी सवलत देतात. नोटीस पिरियडऐवजी पगार देऊन कंपनी लगेच मोकळं करत असेल, तर विमा तरी नोटीसच्या अखेरपर्यंत चालू ठेवा, हे मागणं अगदी रास्त आहे. वाटाघाटीत हा मुद्दा पैशांच्या बरोबरीने मांडावा.

30 दिवस, 36 महिने, 60 महिने

नोकरी गेल्यावर पुढच्या महिन्यात बाजारातून नवी पॉलिसी घेऊ, असा विचार बरेच जण करतात. नव्या पॉलिसीचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

पहिला आकडा 30 दिवसांचा. अपघात सोडला, तर नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस कुठल्याही आजाराचा क्लेम मिळत नाही.

दुसरा आकडा 36 महिन्यांचा. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड असे आधीपासूनचे आजार जास्तीत जास्त 36 महिने विम्याबाहेर ठेवता येतात. 2024 पर्यंत ही मर्यादा 48 महिने होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं प्रत्यारोपण अशा ठरावीक उपचारांनाही वेगळा प्रतीक्षाकाळ असतो, बऱ्याच पॉलिसींत 24 महिन्यांचा. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत हे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, त्यामुळे प्रतीक्षाकाळ ही गोष्ट नोकरदाराच्या कधी ध्यानातच येत नाही.

तिसरा आकडा 60 महिन्यांचा. सलग 60 महिने विमा चालू राहिला, की तुम्ही माहिती लपवली असं कारण देऊन विमा कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी त्याला अपवाद. हा काळही 2024 मध्ये 96 महिन्यांवरून खाली आला.

हे तिन्ही आकडे सलगतेवर चालतात. मध्ये खंड पडला, की साठवलेली वर्षं हातची जातात.

मायग्रेशन: मागितलं तरच मिळणारा हक्क

ही वर्षं वाचवण्याची सोय नियमांत आहे. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना सदस्याला, कुटुंबीयांसह, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमारकम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेला काळ प्रतीक्षाकाळातून वजा होतो आणि 60 महिन्यांच्या हिशेबातही धरला जातो. मात्र हा लाभ जुन्या विमारकमेपुरताच मिळतो.

यात दोन अटी आहेत. पहिली, ही सोय आपोआप होत नाही, सदस्याने स्वतः मागणी करावी लागते. दुसरी, विमा कंपनीला तुमची प्रकृती तपासून निर्णय घेण्याचा अधिकार आहे. ती हप्ता वाढवू शकते, अटी घालू शकते, नकारही देऊ शकते. म्हणूनच अर्ज लवकर हवा, म्हणजे उत्तर काहीही आलं तरी पुढची सोय करायला दिवस उरतात.

एक उदाहरण मांडून पाहू. पिंपरी-चिंचवडमधलं एक कुटुंब धरा: नवरा 41 वर्षांचा, पाच वर्षांपासून मधुमेह, बायको 38 वर्षांची, मुलगी 9 वर्षांची. नवऱ्याच्या कंपनीचा 5 लाखांचा विमा, एकाच विमा कंपनीकडे सलग 48 महिने. शेवटचा कामाचा दिवस 15 नोव्हेंबर.

पहिला मार्ग: धावपळीत विमा राहून गेला आणि 20 डिसेंबरला नवी पॉलिसी घेतली. 16 नोव्हेंबर ते 19 डिसेंबर हे 34 दिवस घर पूर्ण उघडं. त्यापुढचे 30 दिवस फक्त अपघाताचं संरक्षण. म्हणजे 64 दिवस साधा डेंगी झाला, तरी बिल खिशातून. मधुमेहाशी जोडलेल्या उपचारांना नव्या पॉलिसीत पुढची तीन वर्षं थांबावं लागू शकतं.

दुसरा मार्ग: नोटीस पिरियडमध्येच, 20 ऑक्टोबरला मायग्रेशनची मागणी केली, विमा कंपनीने ती स्वीकारली आणि नवी पॉलिसी 16 नोव्हेंबरपासून सुरू झाली. खंड शून्य दिवस. 36 महिन्यांची अट आधीच पूर्ण, त्यामुळे 5 लाखांपर्यंत मधुमेहही धरलेला. 60 पैकी 48 महिने जमा, उरले 12. विमारकम वाढवून 10 लाख घेतली, तर वरच्या 5 लाखांना मात्र नव्याने प्रतीक्षाकाळ लागतो.

दोन्ही मार्गांतला फरक एका ईमेलचा आहे. तो असा लिहिता येतो: "माझा शेवटचा कामाचा दिवस 15 नोव्हेंबर आहे. माझ्या व कुटुंबाच्या आरोग्यविम्याची अखेरची तारीख लेखी कळवावी. विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि प्रत्येक सदस्य कोणत्या तारखेपासून विम्यात आहे याचं पत्र द्यावं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन करण्याची माझी मागणी त्यांच्याकडे आजच पाठवावी." हीच मागणी विमा कंपनीलाही थेट पाठवावी, कारण शेवटच्या आठवड्यात एचआरच्या इनबॉक्सवर विसंबून चालत नाही. बऱ्याच कंपन्या दर एक-दोन वर्षांनी विमा कंपनी बदलतात, म्हणून मागच्या वर्षांची ई-कार्डंही जपून ठेवावीत. सलगतेचा तो पुरावा असतो.

विमा कंपनी पसंत नसेल, तरी आधी ही पायरी घ्यावी. नंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी, मुदतीच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करून, दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येतं. पॉलिसी घेतल्यावर 30 दिवसांचा फ्री-लूक काळही मिळतो. अटी पटल्या नाहीत, तर त्या काळात ती परत करता येते.

दुसऱ्या जोडीदाराच्या कंपनीत नाव घालता येईल का

दोघंही नोकरी करत असतील, तर पहिला विचार हाच येतो आणि तो योग्य आहे. दोघांच्याही कंपनीत एकमेकांची नावं आधीपासून असतील, तर विमा कमी होतो, शून्य होत नाही. अडचण येते ती एकाच्याच पॉलिसीत सगळ्यांना ठेवलेल्या घरांत.

ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मध्यात नाव घालण्याची सोय सर्वसाधारणपणे दोन प्रसंगी असते: लग्न झाल्यावर आणि मूल झाल्यावर, तीही ठरावीक दिवसांत, बरेचदा 30. जोडीदाराची नोकरी गेली, हा प्रसंग सगळ्याच कंपन्यांच्या यादीत नसतो. तरीही विचारावं, आणि त्याच आठवड्यात विचारावं. कंपनीला यासाठी लागतो तो उरलेल्या महिन्यांचा हप्ता. एका कुटुंबाचा वर्षाचा हप्ता 18,000 रुपये आणि पॉलिसीचे 5 महिने शिल्लक असतील, तर ही रक्कम 7,500 रुपये होते. कर्मचाऱ्याने ती स्वतः भरायची तयारी दाखवली, तर कंपनीला नाही म्हणायला फारसं कारण उरत नाही. कर मोजताना ती थोडी वाढेल, एवढंच.

सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या (डिडक्टिबलच्या) वरचा खर्च भरणारी पॉलिसी घेतलेल्यांनी एक गोष्ट तपासावी. कंपनीचे 5 लाख गृहीत धरून 5 लाखांच्या डिडक्टिबलवर 20 लाखांचा सुपर टॉप-अप घेतला असेल, तर तो चालू राहतो, पण पहिले 5 लाख आता तुम्हाला भरायचे असतात. तळाची पॉलिसी गेली, की 3 लाखांच्या बिलात सुपर टॉप-अपचा एक रुपयाही मिळत नाही.

आईवडिलांचं काय

खरा पेच इथे आहे. 68 वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या आईला नवी पॉलिसी मिळणं अवघड आणि मिळाली तरी महाग. 65 वर्षांवरच्यांनाही विमा घेता येईल अशी दारं नियामकाने 2024 मध्ये उघडली, पण हप्ता आणि तपासणीचे निकाल विमा कंपनीच्या हाती राहतात. म्हणून मायग्रेशनच्या अर्जात आईवडिलांची नावं आवर्जून घालावीत. तरुण जोडप्याला नवी पॉलिसी कुठेही मिळेल, आईवडिलांची साठलेली वर्षं मात्र पुन्हा मिळवता येणार नाहीत.

वय 70 किंवा त्याहून जास्त असेल, तर उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. 29 ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे आणि ती वर्षाला 5 लाखांपर्यंतची आहे. मुलाची नोकरी जाण्याची वाट न पाहता हे कार्ड आजच काढून ठेवावं.

हप्त्याचा भार

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. मूळ हप्ता 28,000 रुपये असेल, तर पूर्वी 33,040 भरावे लागत, आता 28,000 पुरतात. 5,040 रुपयांचा हा फरक नोकरी गेलेल्या घराला मोठा आहे.

एकरकमी देणं जमत नसेल, तर मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय विचारावी. मासिक हप्त्याला 15 दिवसांची आणि इतर हप्त्यांना 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, आणि हप्त्यांत भरणाऱ्यांचा विमा त्या मुदतीतही चालू राहतो. जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना कलम 80 डीखाली स्वतःच्या कुटुंबासाठी 25,000 आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही.

पगार 21,000 च्या आत असेल तर

चाकणच्या कारखान्यातला कामगार किंवा वाळूजमधली सुरक्षारक्षक यांचा विमा बहुधा कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) असतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. 20,000 पगारावर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 150 रुपये आणि मालकाचे 3.25 टक्के म्हणजे 650 रुपये दरमहा जातात.

इथे नोकरी गेली, तरी विमा त्याच दिवशी तुटत नाही. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या 1 जानेवारी ते 30 जून या काळात लाभ मिळतो. 30 सप्टेंबरला काम सुटलं, तरी कुटुंबाला जूनअखेरपर्यंत, म्हणजे 9 महिने, ईएसआयच्या दवाखान्यात उपचार घेता येतात. हे ठाऊक नसल्याने अनेक कामगार कार्ड ठेवून देतात आणि खासगी दवाखान्यात कर्ज काढून पैसे भरतात.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेरोजगार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा मिळते. 20,000 पगाराला हिशेब जवळपास 30,000 रुपयांचा होतो. त्याला विमापात्र नोकरीच्या किमान काळाची आणि वर्गणीच्या दिवसांची अट आहे. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयच्या शाखेत चौकशी करावी.

राज्याच्या योजनांचा आधार

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंत होती. 1 जुलै 2024 पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा वर्षाला 5 लाख झाली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांचं संरक्षण आहे. त्यासाठी 5 वर्षांच्या रहिवासाची अट आहे.

या योजना ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालतात. नेहमीच्या डॉक्टरचं रुग्णालय त्या यादीत असेलच असं नाही. तरीही विमा तुटलेल्या काळात हा आधार मोलाचा आहे. शिधापत्रिकेवर सगळ्यांची नावं आहेत का आणि आधार जोडलेलं आहे का, हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवावं.

अमेरिकेतली तरतूद आणि आपली उणीव

अमेरिकेत नोकरी आणि विमा यांची गाठ आपल्यापेक्षा घट्ट आहे, पण तिथे ती सुटताना काय करायचं याचा कायदा 1986 पासून आहे. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेली, तर कोब्रा कायद्याखाली तोच विमा 18 महिने चालू ठेवता येतो. निर्णयाला 60 दिवस मिळतात आणि निवड केली, की विमा तुटल्या तारखेपासून मागे जाऊन लागू होतो. कर्मचाऱ्याने नको म्हटलं, तरी जोडीदाराला स्वतंत्रपणे तो घेता येतो. शिवाय नोकरीत असलेल्या जोडीदाराच्या कंपनीत 30 दिवसांच्या आत नाव घालून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे.

किंमत मात्र जबर आहे. केएफएफ या संस्थेच्या 2025 च्या पाहणीत कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 26,993 डॉलर निघाला आणि त्यात कर्मचाऱ्याचा वाटा 6,850 डॉलर होता. कोब्रात पूर्ण हप्ता अधिक 2 टक्के भरावे लागतात, म्हणजे महिना 571 डॉलरऐवजी सुमारे 2,294 डॉलर. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या एच-1बी व्हिसावरच्या मराठी घराला तर नवी नोकरी शोधायलाही 60 दिवसांचीच मुदत असते, आणि विम्याचे 60 दिवस त्याच सुमारास मोजले जातात.

तिथला हप्ता आपल्याला नको, पण एक गोष्ट जरूर घ्यावी: लेखी सूचना. तिथे कंपनीने 30 दिवसांत योजनेच्या व्यवस्थापकाला कळवणं आणि व्यवस्थापकाने त्यापुढच्या 14 दिवसांत कुटुंबाला हक्काचं पत्र देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे मायग्रेशनचा हक्क आहे, तो सांगण्याची सक्ती कुणावर दिसत नाही. विमा नियामकाने ग्रुप पॉलिसीतून नाव काढण्याआधी सदस्याला लेखी सूचना देणं बंधनकारक करावं. कंपन्यांनी पुढच्या नूतनीकरणात जोडीदाराची नोकरी गेली तर 30 दिवसांत नाव घालता येईल, एवढी एक ओळ पॉलिसीत घालून घ्यावी. कोट्यवधी कुटुंबांना त्याचा आधार होईल आणि खर्च नाममात्र असेल.

विमा कंपनी अर्जाला दाद देत नसेल, तर आयआरडीएआयच्या 155255 या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते. तिथेही न्याय मिळाला नाही, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपालांची कार्यालयं आहेत.

आणि आज दोघांचीही नोकरी शाबूत असेल, तर हीच वेळ योग्य आहे. कंपनीच्या विम्यावर न थांबता 5 लाखांची का होईना, स्वतःच्या नावावर एक पॉलिसी घ्या. कंपनीचा विमा बिलं भरत असताना तुमच्या पॉलिसीचे 30 दिवस, 36 महिने आणि 60 महिने मागे पडत जातील. नोकरी कधी जाईल हे कुणाच्या हातात नसतं, पण ही पॉलिसी या महिन्यात सुरू करणं तुमच्या हातात आहे.